काठीनं सुरू होणारा पंखा

त्या दुपारी अंगणात पाय टेकवत नव्हता, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. माझ्या तोंडून शिवीच गेली. दुसरं काय जाणार? धाकट्या जावेच्या शेडमध्ये सहाशे कोंबड्या, वर पत्रा, आणि आतली गरम हवा बाहेर फेकायला मागच्या भिंतीत एकच मोठा पंखा.

माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, दीर गेल्या साली गेला. घरात आम्ही दोघीच. मिठापासून सरपणापर्यंत कशावरूनही भांडायचो. धाकटीचा भाऊ सारखा यायचा, चल माझ्याकडं म्हणायचा. शेवटी तिनं त्याला सांगून टाकलं, "ही एक खेप जगवून दाखवते. जगली तर इथंच राहीन. नाही जगली तर मुकाट्यानं येते तुझ्याकडं." तेव्हापासून मी त्या कोंबड्यांना पोटच्या पोरांसारखं जपत होते. ती गेली असती तर मी काय भिंतींशी बोलणार होते?

पंख्याचं दुखणं महिनाभराचं. बटण दाबलं की नुसता घूं घूं करायचा, फिरायचा नाही. मोटर भरणाऱ्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडून तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या दाखवल्या. मी म्हणलं, "मला काय कळतंय त्यातलं? चालतो की नाही ते सांग."

"वहिनी, जात्याचा खुंटा नुसता पुढं-मागं ओढला तर जातं फिरेल का?"

"कसं फिरेल? जागेवर हिसके खाईल."

"तसंच आहे हे. वीज या एका गुंडाळीतून पुढं-मागं ओढते. फिरवायला दुसरी बाई पाहिजे, आणि तिनं जरा उशिरानं, आडवा हात लावायला पाहिजे. ते काम या दुसऱ्या गुंडाळीचं, आणि तिला तो उशीर लावून देतो हा कंडेन्सर. तो मेलाय. नवा मिळेपर्यंत काठीनं ढकला. एकदा गती आली की एकटी गुंडाळी रेटते. पण नीट ढकला हं. मोटरीला बाजू कळत नाही, जिकडं ढकलाल तिकडं पळेल."

नवा कंडेन्सर आणायचा राहूनच गेला. काठीनं भागत होतं ना! धाकटी आत उभी राहायची, बटण दाबायची आणि पातं उजवीकडं ढकलायची. रोजचं झालं होतं ते.

त्या दिवशी तासाभरानं वीज आली तेव्हा ती शेडच्या दुसऱ्या टोकाला, गारव्यासाठी टांगलेल्या पोत्यांवर पाणी मारत होती. बटण चालूच होतं. पंखा घूं घूं करायला लागला.

"जाऊबाई, ढकला! जळेल मोटर!"

मी मागच्या अंगाला होते. धावत सुटले, बाहेरच्या जाळीतून काठी घातली आणि उजवीकडं पातं ढकललं. फिरला! भर्रकन फिरला. मी तिथंच भिंतीला टेकले. एरवी त्या जाळीपुढं उभं राहवत नाही, घाणेरडा गरम झोत तोंडावर येतो. आज तोंडावर काहीच येत नव्हतं, आणि मला बाईला बरं वाटत होतं. पदरानं घाम पुसत निवांत उभी राहिले मी, अर्धा तास!

आत गेले तर धाकटी रडत होती. कोंबड्या चोची वासून पडलेल्या, धापा टाकणाऱ्या.

"पंखा चालू आहे, पाणी मारतेय, तरी मरतायत हो. का मरतायत?"

तेवढ्यात एक पीस माझ्या गालाला येऊन चिकटलं. पंख्याकडून आलं होतं. पिसं तर रोज पंख्याकडं जातात! बाहेरून उजवी म्हणजे आतून डावी. मी पंखा उलटा फिरवला होता, आणि तो बाहेरची भट्टी आत ओढत होता.

मी बटणाकडं हात नेला. तिनं मनगट धरलं.

"बंद नका करू! परत नाही लागला तर?"

"सोड. मी उलटा ढकललाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात सोडला.

बटण बंद केलं. पाती थांबता थांबेनात. मी देवाचं नाव घेतलं, दुसरं काही सुचेना. थांबली तसं तिनं बटण दाबलं आणि मी आतून ढकललं. एक फेरी मारून थांबला. विजेचा जोर कमी झाला होता. पुन्हा ढकललं. पुन्हा थांबला. जळका वास यायला लागला. तिसऱ्यांदा दोघींनी मिळून काठी रेटली, तेव्हा कुठं आळसावल्यासारखा लागला आणि हळूहळू वेग धरला. पिसं जाळीकडं धावली.

संध्याकाळी मोजल्या तर एकशे चाळीस उरल्या होत्या. खड्डा आम्ही दोघींनीच खणला. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. खरकट्या ताटावरून माझ्या सात पिढ्या उद्धारणारी बाई, आज गप्प.

सकाळी भाऊ टेम्पो घेऊन आला. तिची पेटी चढली. मी म्हणलं, "अगं, बोल काहीतरी. शिव्या दे. माझ्याच हातानं मेल्या त्या."

ती माझ्या पाया पडली. "तुमच्यावर राग नाही हो जाऊबाई. घाईत होतं असं."

टेम्पो वळणाआड गेला तरी मी दारातच उभी होते. राग धरला असता तर बरं झालं असतं. निदान भांडायला तरी थांबली असती.