वहीची दुसरी बाजू

"आभार मी मानते," असं मी आपणहून म्हणाले तेव्हा सरांचा चेहरा खुलला. बाई अखेर वठणीवर आली, असं वाटलं असणार.

सर म्हणजे आमच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख. मुलं त्यांना 'प्रस्तावना' म्हणतात, कारण दुसऱ्यांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिण्यापलीकडे त्यांनी जन्मात काही लिहिलेलं नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बाईची हस्तलिखित वही मी ग्रंथालयात शोधली. आठ वर्षं डोळे फोडून तिचं गिचमिड अक्षर उतरवलं. औषधं, प्रार्थना, नवऱ्याचं कौतुक. समोरची बाजू संपली तशी मी उतरवलेली प्रत "जरा नजर टाका" म्हणून सरांना दिली, आणि वर्षाच्या आत तिचं पुस्तक झालं! 'संपूर्ण लेखन', संपादक सर. माझं नाव ऋणनिर्देशात, टायपिस्टच्या खाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, "तक्रार कर." कुणाकडे? चौकशी समितीचे अध्यक्षही तेच! पण 'संपूर्ण' हा शब्द पुन्हा वाचला आणि मी मूग गिळून बसले. त्या काळी कागद महाग असायचा. बायका वही उलटी करून मागच्या बाजूनं नव्यानं लिहायच्या. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवते. सरांनी ती वही एकदा हातात घेतली असती, तरी कळलं असतं.

प्रकाशनाला सभागृह खचाखच भरलं होतं. मी सांगितल्याप्रमाणे ग्रंथपालबाईंनी मूळ वही आणून टेबलावर ठेवली होती. सर तासभर बोलले. "किती सोशिक बाई! नवऱ्याविरुद्ध एक अक्षर नाही." टाळ्या पडल्या.

मग मी उठले. "संपूर्ण लेखन अर्ध्यातच उरकल्याबद्दल सरांचे आभार," म्हणाले, आणि वही उलटी करून पहिलंच पान मराठीत सांगितलं. "माझ्या कविता नवऱ्यानं स्वतःच्या नावावर छापल्या. मेल्याचा हात झडो." अशी अजून चौऱ्याऐंशी पानं आहेत, हेही सांगून टाकलं. प्रकाशकानं कपाळाला हात लावला. खरं सांगते, मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सर घामाघूम होऊन माझ्याजवळ आले. "मॅडम, आधी सांगायचंत ना!"

"सांगितलं असतं तर तीही पानं तुमच्याच नावावर छापली असतीत, सर," मी म्हणाले. माईक मी मुद्दामच बंद केला नव्हता.