पोतं कुणाच्या हातात

तोंडातून जाळ काढायला फार अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती शेजारी ओलं पोतं घेऊन उभं राहणाऱ्याला. माझ्या जोडीदारांकडे कधी पोतं असायचं, कधी अक्कल. दोन्ही एकदम काही जमलं नाही.

मी कामाला होते ती सर्कस बंद पडली, तशी मी डोंगरकड्याजवळच्या आमच्या तांड्यावर परत आले आणि जत्रांमध्ये आगीचा खेळ करू लागले. तोंडात रॉकेल धरायचं, पेटत्या टेंभ्यावर फुंकायचं. कपड्यानं पेट घेतलाच, तर जोडीदारानं पोतं टाकून विझवायचं. एवढंच.

पहिला जोडीदार रणजीत, सर्कशीतलाच. त्याला आगीची अजिबात भीती नव्हती, कारण खेळाच्या वेळी तो शुद्धीतच नसायचा. एकदा त्या शूरवीरानं पोतं पाण्याऐवजी रॉकेलच्या डब्यात बुचकळून आणलं. वास आला म्हणून मी वाचले.

"काहून ओरडू राहिली? ओलं तर हाय ना!" तो म्हणाला.

त्याला हात जोडले आणि माझ्या दिराला, प्रेमदासला घेतलं. निर्व्यसनी पोरगं. व्यसन एकच, मोबाइल.

आखाडा बाळापूरच्या जत्रेत दिवस मावळताना खेळ मांडला. गर्दी चांगली होती. प्रेमदास उंचावरून व्हिडिओ काढायला मोटारसायकलवर चढून बसला. दिवसभराच्या उन्हानं सीट तापलेली, म्हणून ओलं पोतं त्यानं बुडाखाली घेतलं. आग कुठं लागू शकते याचा त्यानं केलेला अंदाज असा होता.

मी फुंकलं आणि वारा फिरला. जाळ उलटला, उजव्या बाहीनं पेट घेतला.

"पोतं टाक!" मी ओरडले.

"वैनी, जरा इकडं तोंड करा! लाइट मस्त येऊन राहिला!"

मी जमिनीवर लोळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा पुढचा आयटम. तेवढ्यात शेजारच्या रसवंतीवरून एक म्हातारी धावत आली. ग्लास विसळायची अख्खी बादली तिनं माझ्यावर ओतली, ओल्या फडक्यानं बाही दाबली आणि मला ओढत पाण्याच्या टाकीपाशी नेलं. गोजरबाई तिचं नाव. ती कितीतरी वेळ माझा हात नळाखाली धरून उभी होती. गिऱ्हाईक हाका मारत होतं, तिनं वळूनही पाहिलं नाही.

मला हुंदका आला. भाजलं म्हणून नाही.

"लई आग होऊन राहिली का, पोरी?"

"न्हाई मावशी. कुणीतरी आलं, म्हणून."

प्रेमदास हसत आला. "वैनी, जबरदस्त व्हिडिओ आला!" त्यानं दाखवला. कॅमेरा उलटा लागलेला. पडदाभर दिराचंच तोंड, मागून कुणीतरी किंचाळतंय. ती मी. त्याला मी तांड्यावर परत पाठवलं. तिथं तो अजून त्या वाऱ्याला दोष देतो.

हात बरा झाल्यावर मी गोजरबाईकडं गेले. "मावशी, माझ्यासंगं उभ्या राहाल का?"

तिनं चरक थांबवला. "राहीन. पण मी म्हणीन तवाच फुंकायचं."

कळमनुरीच्या मैदानात आमचा पहिला खेळ. टेंभा पेटवला, तोंडाशी रॉकेल नेलं, तोच गोजरबाई पोतं खांद्यावर घेऊन पुढं आली. "थांब. वारा हाय."

लोक शिट्ट्या मारू लागले. "आजीबाई, बाजूला व्हा!"

"जाळ पाहायचा का पोरगी जळताना पाहायची?" गोजरबाई गरजली. समोरच्या लिंबाची पानं हलायची थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग माझ्याकडं पाहून मान हलवली.

"व्हय. आता."

मी फुंकलं. जाळ सरळ वर गेला, आणि मीही पहिल्यांदाच मान वर करून तो नीट पाहिला. दिसतो बरा.