तीन टक

"डोळे झाकून पक्की घ्या!" बुर्कहार्टने टेबलावर अशी मूठ आपटली की त्याच्या ग्लासातला बिअरचा फेस थेट नव्या पिस्तुलावर उडाला.

"तू नेमही डोळे झाकूनच धरतोस," मारेइके म्हणाली आणि आपल्या बाहीने पिस्तूल पुसू लागली. "तुला काय फरक पडतो?"

गेर्लिंडे कॉफी ओतता ओतता इतकी हसली की अर्धी कॉफी बशीत गेली.

गुरुवारची संध्याकाळ होती. गावाच्या नेमबाजी मंडळाच्या हॉलमध्ये टेबलावर दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली होती, दोन्ही दुकानातून आठवड्याभरासाठी आणलेली. मंडळाचं जुनं पिस्तूल आता म्हातारं झालं होतं आणि या दोन्हींपैकी एक घ्यायचं होतं. दिसायला दोघं जुळी भावंडं. फरक फक्त मागच्या साइटचा, म्हणजे ज्या खाचेतून बघून नेम धरायचा तिचा. एकाची खाच पोलादातच कोरलेली. जन्माला आली तशीच मरणार. दुसऱ्याची खाच बारीक स्क्रूवर बसवलेली. स्क्रू फिरवला की टक् असा आवाज होतो आणि खाच केसभर वर किंवा खाली सरकते. मंडळाचा अध्यक्ष बुर्कहार्ट याचं सॉसेजचं दुकान होतं आणि दुकानातल्या सुरीपासून ते बायकोपर्यंत सगळं त्याला पक्कं, न हलणारं लागायचं. पोरांना शिकवणारी मारेइके मात्र स्क्रूसाठी हटून बसली होती.

"प्रत्येकाचा डोळा वेगळा, प्रत्येकाची पकड वेगळी! सगळ्यांना एकाच मापाची चड्डी घालशील का?"

"चड्डी नको, पिस्तुलाचं बोल."

"गेर्लिंडे, तूच चालवून बघ दोन्ही," मारेइके म्हणाली. "तुला आता कशाचीच सवय उरलेली नाही. तुझा हात कोरा आहे."

"कोरा कसला गं, गंजलाय! आणि माझ्या डोळ्यांचं सगळ्या गावाला ठाऊक आहे."

ते खरंच सगळ्या गावाला ठाऊक होतं. गेर्लिंडे शाळेची बस चालवायची. गावातल्या दोन पिढ्या तिने शाळेत पोचवल्या होत्या, मारेइकेला तर उलटीच्या पिशवीसकट. दिवसभर बसमध्ये कलकलाट. म्हणून गुरुवारी इथे येऊन कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले की तिला जी शांतता मिळायची, तिची सर कशालाच नव्हती. ती नेमबाज होती, आणि चांगली होती. दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत मंडळाच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती गेर्लिंडेला मिळणार की एकहार्टला, हे एका संध्याकाळी ठरायचं होतं. त्या संध्याकाळी तिच्या गोळ्या सगळ्या खाली गेल्या. तिने वर धरून पाहिलं, मग घाबरली, आणि मग गोळ्या कुठेही जायला लागल्या. जागा एकहार्टला मिळाली. "माझे डोळे गेले," ती म्हणाली आणि तेव्हापासून कॉफी करू लागली.

एकहार्ट तिचा शाळेपासूनचा मित्र. तोच तिला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. बाहेरच्या बाकावर तासभर बसला. वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत असं डॉक्टर म्हणाले, तर हाच म्हणाला, "अगं, डॉक्टरला दिसत नाही ते निशाण्यावर दिसतं." चष्म्याची फ्रेमसुद्धा त्यानेच निवडली, निळी. परतताना गाडीत ती रडली तेव्हा त्याने तिला आपला रुमाल दिला होता.

"चल, चल!" मारेइकेने तिच्या हातातली किटली काढून घेतली.

हॉलमागच्या नेमबाजीच्या खोलीत गेल्यावर आधी तिने पक्क्या साइटचं पिस्तूल घेतलं. पाच गोळ्या. निशाण्याचं कार्ड सरकत जवळ आलं. पाचही भोकं डावीकडे होती, पण एकमेकांना इतकी चिकटलेली की वर एक बिस्किट ठेवलं असतं तर सगळी झाकली गेली असती.

"गंजलाय म्हणे हात!" मारेइके किंचाळली. "आणि तुझा चष्मा कुठाय?"

गेर्लिंडेने नाकाला हात लावला. चष्मा तिकडे साखरेच्या भांड्याशेजारी राहिला होता.

तिने चष्मा तिथेच राहू दिला. "ते जुनं दे जरा," ती म्हणाली.

जुन्या पिस्तुलालाही स्क्रूवाली साइट होती. एकदा कोणीतरी नाण्याने स्क्रू फिरवून त्याची पार वाट लावली होती. तेव्हापासून मंडळाचा रिवाज पडला: स्क्रूला हात लावायचा तो फक्त एकहार्टने. छोटा स्क्रूड्रायव्हर त्याच्या गळ्यात दोरीला असायचा. आपलं माप त्याला सांगायचं आणि मान वळवून उभं राहायचं. तो फिरवत असताना टक लावून बघणं म्हणजे त्याचा अपमानच. म्हणून सगळे कानाने मोजायचे. गेर्लिंडेचं माप होतं पांढऱ्या खुणेपासून तीन टक वर. त्या संध्याकाळीही तिने मान वळवून मोजले होते. टक, टक, टक. बरोबर तीन. गोळ्या खाली जायला लागल्यावर तिने विचारलंही होतं, "एकी, स्क्रू बघ ना रे." त्याने बघितलं आणि सांगितलं, "बरोबर आहे. तूच ट्रिगर हिसक्याने ओढतेस."

"एकहार्ट दातांच्या डॉक्टरकडे गेलाय, उशिरा येईल," मारेइके म्हणाली आणि पेटीतला दुसरा स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात ठेवला. "स्वतःच फिरव की! बस चालवतेस, स्क्रू नाही का फिरवता येणार?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेर्लिंडेने तो स्क्रू स्वतःच्या हाताने फिरवला. तीन टक वर. पाच गोळ्या. कार्डाच्या काळ्या गोलाचं काळीजच उडालं.

मारेइके नाचत नाचत बुर्कहार्टला सांगायला बाहेर पळाली.

गेर्लिंडे जागची हलली नाही. तिने स्क्रू पुन्हा खुणेवर आणला. मग उलट्या बाजूला फिरवला. टक, टक, टक. आवाज तोच. अगदी तोच! तिने नवं कार्ड लावलं. पाच गोळ्या. कार्ड जवळ आलं आणि तिला खालचा तो पुंजका दिसला. दोन वर्षं रोज झोपताना डोळ्यांसमोर येणारा, गोलाच्या खाली आडवा पसरलेला. शाळेत बाईंनी चुकीच्या उत्तराखाली रेघ मारावी तसा.

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, पण ही म्हैस तिला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेली होती!

बाहेर दार वाजलं. एकहार्टचा आवाज आला, सुजलेल्या गालातून निघाल्यासारखा. "माझं मत पक्कीला. स्क्रू म्हणजे नुसती कटकट."

"काय सांगतोस!" बुर्कहार्ट खूश झाला. "तू? स्क्रूचा राजा?"

"एकी," गेर्लिंडेने हाक मारली. "जरा इकडे ये."

तो आत आला. तिने कार्ड त्याच्यासमोर धरलं.

"खाली बसतंय," तो म्हणाला. "पिस्तूल जुनं झालं."

"पिस्तूल नाही. मी फिरवलं. तीन टक खाली." ती थांबली. "टक दोन्हीकडे सारखाच वाजतो, नाही रे?"

एकहार्टने गळ्यातली दोरी चाचपली. त्याचा हात थरथरत होता. थंडीने थरथरतो, असं तो दोन वर्षं सांगत आला होता.

"त्या उन्हाळ्यातच कळलं होतं मला," तो हळूच म्हणाला. "हाताचं. मला संघात एकच वर्ष हवं होतं, गेर्लिंडे. पुढच्या वर्षी तू परत येशीलच असं वाटलं. तू सोडूनच देशील हे…"

"मागितलं असतंस तर दिलं असतं."

त्याने दोरी बोटाला गुंडाळली.

"मी गाडीत रडत होते तेव्हा काय करत होतास तू?"

"गाडी चालवत होतो."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. केसाने गळा कापणाऱ्याचे हात मोठाले, राकट असतील असं तिला नेहमी वाटायचं. हे तर ओळखीचे होते. शाळेत याच हातांनी त्याने तिला अर्धं सफरचंद दिलं होतं.

"काय ठरलं रे आत?" बुर्कहार्ट ओरडला. "पक्कीच ना?"

"पक्की म्हण," एकहार्ट पुटपुटला. "म्हणजे पुन्हा कोणालाच…"

"स्क्रूवाली!" गेर्लिंडे ओरडली, आणि आपला आवाज इतका मोठा निघाल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "पक्की साइट चुकते, पण रोज एकाच बाजूला चुकते. तिच्याशी संसार करता येतो. पण मला माझा नेम माझ्या हाताने लावायचाय. आणि स्क्रूड्रायव्हर इथे भिंतीवर राहील. खिळ्याला. ज्याला लागेल त्याने घ्यायचा."

बाहेर मारेइकेने टाळ्या पिटल्या. इतके दिवस भांडून जे जमलं नाही ते झालं, असं काहीतरी ती बुर्कहार्टला ऐकवत होती. आत एकहार्टने दोरी डोक्यावरून काढली आणि पलीकडच्या खिळ्याला अडकवली. ती थोडा वेळ हलत राहिली.

मग तो जायला निघाला.

"थांब," गेर्लिंडे म्हणाली. "आज देखरेखीला तू आहेस. कार्डावर सही लागते."

त्याने खिशातून पेन काढलं आणि वरचं, मधोमध उडालेलं कार्ड ओढून घेतलं. तिने ते बाजूला सारलं आणि खालचं पुढे ठेवलं.

"यावर?"

"यावर."

एकहार्ट वाकला. पेनाचं टोक कागदावर नुसतं टकटकत राहिलं, कार्ड टेबलावरून सरकायला लागलं आणि त्याच्या नावाचं पहिलं अक्षरही नीट उमटेना. गेर्लिंडेने क्षणभर पाहिलं. मग दोन बोटांनी कार्डाचा कोपरा दाबून धरला आणि त्याची सही पूर्ण होईपर्यंत मान वळवली नाही.