सोफ्यावरची म्हैस

माझ्या चित्रांतली म्हैस म्हणजे मीच, हे चार वर्षं फक्त माझ्या नवऱ्याला, भागवतला ठाऊक होतं. बाकीच्यांना मी सांगायची, "जनावरांची आवड आहे हो." काळी, जाडजूड, चिडकी आणि एकदा बसली की कुणाचं न ऐकणारी. माणसाचं तोंड रंगवून मला स्वतःचं इतकं खरं चित्र कधीच जमलं नसतं.

नांदेडच्या प्रदर्शनातलं मोठं चित्र तर निर्लज्जच होतं. युरोपातल्या जुन्या तैलचित्रांत बायका लोडाला टेकून पहुडतात, तशी माझी म्हैस मखमली सोफ्यावर पहुडली होती. एका बाजूने उजेड, बाकी अंधार. मागे मात्र जुन्या दख्खनी चित्रांतलं सपाट निळं आभाळ, राघू, सोनेरी वेलबुट्टी. म्हशीच्या नाकात नथ, आणि अंगावर तेवढंच.

उद्घाटनाच्या सकाळी बिलोलीहून सासूबाई आल्या, न सांगता. लक्ष्मीबाई, पन्नास वर्षं म्हशी सांभाळलेली बाई. आपली सून अशी उघडीवाघडी भिंतीवर टांगलीय हे त्यांना कळलं असतं, तर माझे रंग त्याच दिवशी माळ्यावर गेले असते.

नेमक्या त्याच चित्रासमोर त्या थांबल्या.

"सुकन्या, ही आजारी हाय का?"

"नाही, आत्याबाई. आराम करतेय."

"आराम कसला? निवांत बसलेली म्हैस रवंथ करती. हिचं तोंड बघ, गच्च मिटलंय. कान बी टवकारलेत. भिऊन राहिली ही कशाला तरी."

त्या तोंडावर मी चार महिने घालवले होते. एकाही जाणकाराला हे दिसलं नव्हतं, मलाही नाही. मला रडू आलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

"आत्याबाई, ती मी हाय."

"ते दिसलं की मला. बसायची ढब तुझीच हाय." मग हळूच म्हणाल्या, "पर भेतीस कुणाला?"

"तुम्हाला."

त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. "येडीच हायस. भेलेली म्हैस पान्हा सोडत न्हाई. आन् तू भिऊन चित्रं काढून राहिलीस व्हय?"

मग त्यांनी एक खुर्ची ओढली, चित्राशेजारी मांडली आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत. प्राध्यापक येवोत, अधिकारी येवोत, प्रत्येकाला थांबवून त्या सांगत होत्या, "जवळून बघा. माझी सून हाय ती. जरा बुजरी हाय, पर लई गुणाची."