दारासाठी नमदा

खोलीत बारा माणसं होती आणि तेवीस हात. दोन चाकाच्या खुर्च्या, एकाला एक जोडलेली दोन लांब टेबलं, सहा किलो पिंजलेली लोकर, साबणाच्या चार वड्या, गरम पाण्याच्या तीन बादल्या, आवाज मोजायचं माझं मीटर आणि एक दार. आमचं सगळं भांडण त्या दाराशी होतं.

दारापलीकडे सुताराचा कारखाना होता. त्याच्या मागची ही खोली त्याने आम्हाला शनिवारपुरती वापरायला दिली होती, खुर्च्यांसाठी उतारही स्वतःच करून दिला होता. इथे कोणी विणायचं, कोणी टोपल्या करायचं, कोणी नुसतंच बसायचं. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, लोकर निवडायचा. काडीकचरा काढून छटेप्रमाणे ढीग लावायचा; करड्याचेच पाच. आठवड्यात एवढ्या एका कामासाठी तो आपणहून घराबाहेर पडायचा.

मग सुताराला खिडक्यांचं मोठं काम मिळालं आणि शनिवारीही रंध्याचं मशीन सुरू झालं. आम्हाला तो आवाज नकोसा व्हायचा, दादाला तो दुखायचा. कानांवर काही घातलेलं त्याला चालत नाही. मी मोजून पाहिलं होतं: पंचावन्न डेसिबेलच्या आत तो रमतो, साठला उठून उभा राहतो. त्याच्या खुर्चीपाशी सहासष्ट भरत होते. एका शनिवारी तो हातातली लोकर तशीच टाकून निघाला आणि घरी येऊन म्हणाला, "आता नाही जायचं." दादा एकदा म्हणाला की संपलं.

उपाय काढला टोपीवाल्या मावशीने. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिने तीस वर्षं नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून दाबून केलेल्या जाड कापडाच्या, टोप्या केल्या. तिने हातांनी सांगितलं, "टोपी डोक्याला घालतात. आपण दाराला घालू. दादाच्या हाताएवढी जाड."

"वा!" ड्रायव्हरकाका म्हणाले. ते एकेकाळी बस चालवायचे, आता चाकाची खुर्ची चालवतात, आणि तीही बससारखीच. "आवाज अडवणार कोण, तर मावशी! मग मी उद्यापासून जिने बांधायला घेतो."

मी खुणांनी भाषांतर केलं. मावशीने काकांना जे उत्तर दिलं, त्याचं भाषांतर मी केलं नाही.

सुताराने एक शनिवार मशीन बंद ठेवायचं कबूल केलं. "एकच हं," तो म्हणाला. "नाहीतर खिडक्यांवाले मला खिडकीतून फेकतील." मशीन बंद आहे हे तीनदा पटवल्यावर दादा आला, पण आत नाही. उताराकडच्या दरवाज्यात उभा राहिला, एक पाय बाहेर.

नमदा होताना आटतो. दोन मीटर पाच सेंटिमीटर उंच पडदा हवा, म्हणून मी तीन मीटर लांब लोकर पसरायला सांगितली. एक थर उभा, एक आडवा, असे आठ थर. वर साबणाचं गरम पाणी. मग सगळं एका लांब पाइपवर गुंडाळून दोरीने बांधायचं आणि दोन्ही बाजूंनी उभं राहून पुढेमागे लाटायचं. मधूनमधून सोडवायचं, दुसऱ्या कडेने गुंडाळायचं, परत बांधायचं, परत लाटायचं. ताल मावशीकडे होता. ती टेबलाला खालून गुडघा मारायची आणि तो ठोका लाकडातून सगळ्यांच्या तळव्यांत यायचा. ऐकू येणारे आणि न येणारे एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे. मला इतकी गंमत वाटत होती की मीटर बादलीत पडता पडता वाचलं.

"घाम तरी बघा," काका म्हणाले. "बस ढकललीय मी, पण ही लोकर ऐकत नाही!"

"तीसुद्धा माझ्यासारखीच," मावशी एका हाताने म्हणाली.

आम्ही नुकतंच तिसऱ्यांदा गुंडाळलं होतं, दोरी बांधायची होती, सगळ्यांनी पाइप हातांनी धरून ठेवला होता. तेवढ्यात दादा दरवाज्यातून निघाला. टेबलापाशी आला. टोकाला उभा राहिला आणि त्याने दोन्ही तळवे ओल्या गुंडाळीवर ठेवले.

आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. मावशीला त्या ऐकू येत नाहीत, दादाला त्या नको असतात. आनंद झाला की दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे, ही आमची रीत.

एकवीस हात वर गेले.

साबणाच्या टेबलावरून गुंडाळी सुळकन घसरली. दादाने आपलं टोक सोडलं नव्हतं, त्यामुळे ते टेबलावर राहिलं. दुसरं टोक धपकन फरशीवर गेलं आणि सगळी लोकर पाइपवरून खाली लोंबली.

"सोडायचं नसतं," दादा म्हणाला.

काका इतके हसले की त्यांच्या खुर्चीचा ब्रेक लावावा लागला. आम्ही घाईघाईने सगळं उचललं, गुंडाळलं, बांधलं आणि दुप्पट जोराने लाटायला लागलो. दादा टोकाशीच राहिला. त्याचे हात मावशीच्या गुडघ्याबरोबर बिनचूक जात होते.

उघडल्यावर कळलं की घाईत एक टोक आत दुमडलं होतं. दुमड आता एकजीव झाली होती. मी ओढून पाहिली.

"फाटेल," मावशीने माझा हात झटकला. "राहू दे."

मी टेप लावली. "एक मीटर ब्याण्णव. तेरा सेंटिमीटर कमी! मावशी, फट राहणार."

"आपण सगळ्यांनी मिळून कमी केलंय," काका म्हणाले. "हात वर करून."

माझं तोंड उतरलं. दादा आत आला होता, तो आजच्या बंद मशीनमुळे. पुढच्या शनिवारी मशीन असणारच होतं.

आठवडाभर नमदा उतारावरच्या कठड्यावर वाळला. शनिवारी मशीन सुरू व्हायच्या आधी सुतार शिडी घेऊन आला.

"दुमडलेला भाग वर घ्या," मावशी म्हणाली. "ओबडधोबड आहे. वर कोण बघतंय?"

सुताराने पडदा उचलला. दादाने त्याची दुमडलेली कड धरली आणि खाली ओढली.

"इथून येतो," तो म्हणाला. दाराखालची फट चांगली चार बोटं होती. "वरून नाही येत."

"अरे, पण मग वर मोकळं राहील ना," मी म्हणाले.

"वरून नाही येत."

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे. मावशीने खांदे उडवले आणि खिळ्यांचा डबा दादाच्या हातात दिला. वर तेरा सेंटिमीटर दार झाकायचं राहिलं. खाली दुपटीने जाड कड जमिनीला टेकली आणि दादाने ती पायाने फटीत घट्ट सारली.

"चालू करू?" सुताराने विचारलं. सगळे दादाकडे बघत होते आणि दादा आपल्या खुर्चीत जाऊन बसला होता, समोर करड्या लोकरीचं पोतं.

"करा," तो म्हणाला.

सुतार पलीकडे गेला. मावशीने तळवा टेबलावर ठेवला. टेबल थरथरायला लागलं तसं तिने मला मान हलवून खूण केली. मशीन चालू होतं, रंध्याला फळी लागली होती. या वेळी एकही हात वर गेला नाही. सगळ्यांनी आपले हात मांडीत घट्ट धरून ठेवले होते, काकांनी तर त्यांवर बसायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

दादाने पोत्याचं तोंड सोडलं. एक झुपका काढला, उजेडात धरला, दुसऱ्या ढिगावर ठेवला. पुढचा काढला.

मी मीटर त्याच्या खुर्चीशेजारी धरलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

त्रेपन्न पॉइंट चार डेसिबेल.