ब्याऐंशी डिग्री

सकाळचे सात, आणि थंडगार मशीन मला सांगतंय की माझं पाणी ब्याऐंशी डिग्री तापलंय. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाला मी हात लावून पाहिला, हात गारठला. लॅपटॉपवर तेल एकोणीस, हवा अठरा आणि पाणी ब्याऐंशी. स्क्रीनवर आलेल्या बिघाडाच्या कोडचा अर्थ सरळ होता: पाण्याच्या सेन्सरचा आकडा पटत नाही.

"सेन्सर गेला, दुसरं काय," पोकलेनचा ऑपरेटर म्हणाला. त्याला खाणीत सगळे रेडिओ म्हणतात, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. "मी कालच बोललो होतो. माझ्या आधीच्या मशीनवर पण अस्संच..."

"तू जरा चहा पिऊन ये," मी म्हणालो.

सेन्सरचा कोड आला की डोळे झाकून सेन्सर बदलणारे मेकॅनिक माझ्या डोक्यात जातात. आधी तपासा ना बाबांनो. मी सेन्सरचं सॉकेट उपटलं. आता मशीनच्या कॉम्प्युटरला वायर तुटल्यासारखी वाटायला हवी आणि आकडा थेट उणे चाळीसवर जायला हवा. स्क्रीनवर पाहिलं तर ब्याऐंशी.

सॉकेट माझ्या हातात, तरी आकडा जागचा हलत नाही. म्हणजे कॉम्प्युटर सेन्सरला विचारतच नव्हता. मध्येच कुणीतरी त्याला थाप मारत होतं, आणि कोण ते मला त्याच क्षणी कळलं.

केबिनच्या मागे वायरिंगची जुडी जिथे वळते तिथे काळी टेप होती. टेपचं शेवटचं टोक आत दुमडायची माझी सवय आहे, म्हणजे ती सुटत नाही. ते टोक दुमडलेलं होतं. मी टेप सोडवली. आत दोन वायरी कापलेल्या, आणि कॉम्प्युटरकडच्या टोकांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, व्यवस्थित डाग दिलेला. काम चोख होतं. माझंच होतं.

चार वर्षांपूर्वी हा सेन्सर खराब झाला होता. कोड आला की मशीन आपोआप हळू व्हायचं, नवा सेन्सर यायला तीन आठवडे होते, आणि मॅनेजर दर तासाला माझं डोकं खात होता. मग मी आमच्या धंद्यात सगळे करतात तेच केलं. रेझिस्टर घातला, की पाणी कायम ब्याऐंशी. कोड गायब, ऑपरेटरसमोरचा तापमानाचा काटा बरोब्बर मध्ये, सगळे खूश. तीन आठवड्यांपुरतं. नवा सेन्सर आला तेव्हा मी टायफॉइडने आडवा होतो. तो दुसऱ्याच कुणीतरी बसवला, कोड दिसत नव्हता, म्हणून कुणी पुढे पाहिलं नाही. आणि मी विसरलो. याला दुसरा शब्द नाही.

दोन वर्षांपूर्वी याच मशीनची पाण्याची नळी खालून फुटली, पाणी गळून गेलं आणि इंजिन भाजून जाम झालं. तेव्हा त्यावर माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा बावीस वर्षं मशीन चालवत होता. मॅनेजरने त्याला समोर उभं करून विचारलं, काटा वर चढला तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं? दादा म्हणाला, काटा मध्येच होता. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच म्हणाला. इंजिनाचा कोळसा झालाय आणि हा म्हणतो काटा मध्येच. लोक तोंड फिरवून हसले. रिपोर्ट मी लिहिला. घरचा माणूस म्हणून झाकलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून चार शब्द जास्तच कडक लिहिले: ऑपरेटरचं अक्षम्य दुर्लक्ष. चौथ्यांदा विचारल्यावर दादा खाली बघून म्हणाला, "डुलकी लागली असेल, साहेब."

त्यानंतर तो कुठल्याही मशीनवर बसला नाही. आता एका गोडाऊनमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवतो, आणि प्रत्येक लेबल शेजारच्याकडून वाचून घेतो. रस्ता ओलांडताना वहिनीला विचारतो, गाडी येत नाहीये ना? रस्ता रिकामा दिसत असला तरी विचारतो. मी हे दोन वर्षं पाहत आलो आणि मनात म्हणत आलो, चूक केली, भोगतोय.

नव्या इंजिनावरही इतके दिवस जुनाच कॉम्प्युटर होता, तो परवाच बदलला होता. हा जरा शहाणा निघाला, थंड इंजिनात गरम पाणी त्याला पटलं नाही. मी रेझिस्टर काढला, वायरी जोडल्या. पाणी एकोणीस दाखवू लागलं, कोड गेला. मला रडू यायला हवं होतं, निदान घाम तरी. काहीच आलं नाही. मी पाने पुसून पेटीत ठेवले आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

सगळं ऐकून तो म्हणाला, "कोड गेला ना? मग कशाला जुनी मढी उकरतोस?"

"तो रिपोर्ट चुकीचा आहे, साहेब. मी नवा लिहून देतो."

"दे. पण मग इथे दुसरा मेकॅनिक बघावा लागेल मला."

"बघा," मी म्हणालो. त्याच्याच टेबलावर बसून पानभर लिहिलं, खाली सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचीच मला चीड आली.

संध्याकाळी दादाकडे गेलो. तो स्वयंपाकघरात पाटावर बसून कांदा चिरत होता, वहिनी गॅसपाशी होती. मी उभ्यानेच सांगून टाकलं. रेझिस्टर, टेप, टायफॉइड, रिपोर्ट, काहीच गाळलं नाही. वहिनी माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा असा झाला की मी दादाकडेच बघत राहिलो.

"म्हणजे काटा मध्येच होता," दादा म्हणाला.

"हो."

"इंजिन भाजेपर्यंत?"

"हो. तू बरोबर पाहिलंस. तू जागा होतास, दादा."

तो कांदा चिरायचा थांबला. मला वाटलं, आता शिव्या देईल, निदान कांदा फेकून मारेल. मला तेच हवं होतं. तो चिडलाच नाही.

"पण मला ती डुलकी आठवते रे," तो म्हणाला. "मान कशी खाली गेली ते आठवतं. खिडकीतून ऊन येत होतं, डाव्या गालावर. दचकून जागा झालो तेव्हा काटा पार वर होता. सगळं दिसतं मला. रोज दिसतं."

"असं काही झालंच नाही, दादा."

"तू म्हणतोस म्हणजे नसेल झालं," तो म्हणाला. मग वहिनीकडे बघून त्याने विचारलं, "झालं नव्हतं ना?"