डुलकीच्या चालत्या गाठी

गादीच्या कारखान्यात तिला सगळे डुलकी म्हणत. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा आणि मशीन आपलं चालूच. एकदा तर तिने गादीच्या कडेबरोबर स्वतःची बाहीही शिवून टाकली होती. तिची थोरली नणंद त्याच कारखान्यात तपासनीस होती. शिवून आलेल्या गादीवर वन्सं दोन्ही तळवे फिरवायच्या, आत कापसाची गाठ लागली की निळ्या पेनने वर खूण करायच्या. गोल म्हणजे पुन्हा बघा, फुली म्हणजे उसवा. वन्संच्या फुलीपुढे मालकाचंही काही चालत नसे.

"आळशीपणाला औषध नाही गं बाई," हे वन्सं तिला दोन वर्षं ऐकवत होत्या. डुलकी एका कानाने ऐकायची, दुसऱ्याने सोडून द्यायची.

आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली, तेव्हा वन्संना सांगायचं तिच्या मनातही नव्हतं. पण नवऱ्याला सांगावं तर तो हातपाय गाळून बसणार, आणि डॉक्टरबाईंकडे जावं तर त्या काय सांगतील याचीच धास्ती. कॅन्सर हा शब्द ती मनातल्या मनातही अर्ध्यावर सोडायची. शेवटी तिने ठरवलं, गाठी ओळखण्यात वन्संचा हात धरणारं दुसरं कोणी नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांना कापसाच्या खोलीत नेऊन तिने आतून कडी घातली.

वन्संनी तळवे चोळून गरम केले, डोळे मिटले आणि हात फिरवला. "आहे," त्या म्हणाल्या, आणि सवयीने पेन काढून गोल केला.

"वन्सं, मी काय गादी आहे?"

"गप्प बस. वाढतेय की तेवढीच आहे, हे कळायला नको?"

पुढच्या आठवड्यात गोलात काहीच नव्हतं. शेजारी मात्र दोन नव्या आल्या होत्या. त्यानंतर त्याही गेल्या आणि दुसऱ्या बाजूला एक आली. वन्संच्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. कापसाची गाठ एकदा बसली की जागची हलत नाही. "मेली चालते की काय?" म्हणत त्या इरेला पेटल्या आणि दर आठवड्याला नवे गोल काढू लागल्या. ती शाई साबणाला दाद देत नसे, त्यामुळे डुलकी नवऱ्याकडे पाठ करून कपडे बदलू लागली. त्याला वाटलं, बायको रुसली. बिचारा रोज भांडी घासायला लागला.

मग एक दिवस एक टणक, दुखरी गाठ लागली आणि वन्संच्या हातून फुली पडली. दोघी त्या फुलीकडे बघत राहिल्या. वन्संनी स्वतःच डुलकीचं मशीन बंद केलं आणि तिला घेऊन दवाखाना गाठला.

"हा नकाशा कोणी काढला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी," वन्सं म्हणाल्या. "फुलीपाशी बघा."

डॉक्टरबाई सोनोग्राफीचं यंत्र लावेपर्यंत डुलकीला रडू आवरेना. "वन्सं, मला काही झालं तर लेकीला तुम्ही बघा. आणि यांचं दुसरं लग्न होऊ देऊ नका."

"त्याला कोण देतंय मुलगी?" वन्सं म्हणाल्या, पण तिचा हात त्यांनी सोडला नव्हता.

पडद्यावर काळे गोल ठिपके दिसले. पाण्याने भरलेल्या साध्या पिशव्या, डॉक्टरबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही. फुलीखालचं पाणी त्यांनी सुईने काढलं आणि गाठ तिथल्या तिथे बसली. मग त्यांनी पाळीचं, झोपेचं, वाढलेल्या वजनाचं विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आल्यावर दोघी पुन्हा गेल्या. "थायरॉइड मंद आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याने बाकीच्या हार्मोन्सचाही ताल बिघडतो. पाळी पुढेमागे होते, आणि काही बायकांच्या छातीत अशा पिशव्या येतात, फुगतात, पुन्हा बसतात. गाठ चालत नव्हती. एक जात होती, दुसरी येत होती. नवी लागली तर मात्र मला दाखवायची, पेनने गोल करत बसायचं नाही. आणि इतकी झोपही त्यामुळेच. गोळी सुरू करू."

"म्हणजे ही आळशी नाही?"

"अजिबात नाही."

वन्सं मटकन खुर्चीत बसल्या आणि हमसून रडायला लागल्या. रोगी डुलकी, आणि पाणी पाजावं लागलं वन्संना. डुलकीला हायसंही वाटत होतं आणि मजाही. दोन वर्षांची भरपाई ती डोळे भरून बघून घेत होती.

"तुमची छाती कधी तपासली होती?" डॉक्टरबाईंनी सहज वन्संना विचारलं.

वन्संनी डोळे पुसले आणि छताकडे बघितलं. "एक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ष झालं. मी मुद्दामच हात लावत नाही तिला."

डुलकीची मजा जागच्या जागी संपली. तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माया. तिने वन्संचा दंड धरून त्यांना तपासणीच्या टेबलापाशी नेलं. एरवी चोळून गरम केलेले ते तळवे आता गार पडले होते.

"माझ्या लेकाचं लग्न व्हायचंय अजून," वन्सं म्हणाल्या.

"होईल," डुलकी म्हणाली. "आधी आडव्या व्हा. मी इथेच आहे."